यादी सात वस्तूंची

पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. अशा मुहूर्तावर स्वस्त सुपरमार्केटात जाणारा नाशिककर एक तर नवखा असतो, नाहीतर घरात त्याला कुणी विचारत नाही. मी दुसऱ्या गटातला.

माल स्वस्त का, याचं गणित साधं आहे. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट काढलं, तेव्हापासूनची रीत अशी: जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याचा भुर्दंड नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून तोही दर तोडून देतो. जे खपत नाही, त्याला फळीवर जागा नाही. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला डीमार्टचा शेअर बाजारात पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. आमची गुंतवणूक तेव्हा तूरडाळीत होती.

ट्रॉली भरणं हे बांधकाम आहे. तळाला दहा किलोचं पीठ आणि तेलाचा डबा, त्यावर साखर, डाळी. पोहे-पापड सगळ्यात वर. धुण्याची पावडर रव्याशेजारी ठेवली, तर रविवारच्या शिऱ्याला लिंबाचा सुवास येतो. तेलाच्या पिशवीवर मिलीलिटर वाचायचे: लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी असतं. ‘एकावर एक’च्या नादात दोन किलो शेवया घेण्याआधी घरात शेवया खाणारी तोंडं मोजावीत. (मोजत कुणी नाही.)

बिलाची रांग निवडताना माणसं मोजू नयेत, ट्रॉल्यांची उंची बघावी. आणि सुटी भाजी वजन न करता घेऊन आलेला गृहस्थ हेरावा. त्याच्या टोमॅटोंवर स्टिकर नसतो, तो परत काट्याकडे पळतो, आणि रांग जागीच. ‘एकच वस्तू राहिली हो’ म्हणून ट्रॉली सोडून गेलेल्या वहिनी तर तीन वस्तू घेऊन येतात. बाहेर पडताना दारावर शिक्का मारायला बिल लागतं. ते नेमकं पिठाखालच्या पिशवीत असतं.

खरी परीक्षा पार्किंगमध्ये. पीठ स्कूटरच्या पायाशी, तेलाचा डबा डिकीत मावत नाही म्हणून दोन गुडघ्यांच्या मध्ये. हुकाला फक्त पोहे. तिथे साखर अडकवली की हँडल जड होतं आणि मुंबई नाक्याच्या सर्कलला स्कूटर वळते, साखर मात्र सरळ द्वारका चौकाकडे निघते. सिग्नल लागलाच, तर पाय टेकवण्याआधी पिठाची परवानगी घ्यावी लागते.