विश्वासात अढळ कसे राहावे (फोन हातात धरून)

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट चौथ्या बाकापर्यंत आलं होतं. पाळकसाहेबांनी आत्मपरीक्षणासाठी दोन मिनिटं शांतता मागितली आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत मंडळीच्या ग्रुपवर यिर्मया 29:11 हे बायबलचं वचन येऊन पडलं. मागे सूर्योदय, खाली गुलाब. पाठवणारे बंधू तिसऱ्या बाकावर. सहा खिसे टुणकन वाजले. अशा स्थिरचित्त मंडळींकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, ते तुमच्या उन्नतीसाठी देत आहोत.

वर्षात अख्खं बायबल वाचायचा संकल्प 31 डिसेंबरच्या रात्रीच करा. अध्याय 1189. रोज तीन, रविवारी पाच धरले की वर्षात पार. निर्गम या पुस्तकाच्या 25व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे तंबूतल्या मंदिराची, मापं सुरू होतात, कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद. तिथे धाप लागू द्या. चौथ्या आठवड्याच्या शेवटी लेवीय हे नियमांचं पुस्तक लागतं, तिथे बसकण मारा. मग एका शनिवारी वीस अध्याय एका दमात उरका आणि ईस्टरपर्यंत पुस्तक मिटून ठेवा. लेवीयाच्या जोडीला रोज एक स्तोत्र नि मार्काचा अर्धा अध्याय घेतला की वाट सरते, असं कुणी म्हातारं सांगेल. लक्ष देऊ नका.

बायबलचं अ‍ॅप रोज उघडा. वाचायची सक्ती नाही, उघडलं की साखळी तुटत नाही.

प्रार्थनेची विनंती आली की चार सेकंदांत जोडलेले हात पाठवा. झाली प्रार्थना.

लेंतमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, रील्सचा उपवास धरा आणि तसं स्टेटस ठेवा. भस्मबुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार हे 46 दिवस होतात. रविवार उपवासात मोजत नाहीत म्हणून 40. ते सहा रविवार थकबाकी वसूल करायला वापरा. कपाळावरच्या राखेचा सेल्फी मात्र त्याच दिवशी टाका. उपवास करताना तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस, हे मत्तयाच्या 6व्या अध्यायातलं वाचन कॅथलिक चर्चमध्ये त्याच दिवशी होतं, पण तेव्हा तुम्ही फिल्टर निवडत असाल.

आणि वचन पाठवायचं तर 29:11च. देवाचे संकल्प हिताचे आहेत, बस. दुकानाचं उद्घाटन, व्हिसाची मुलाखत, दहावीचा निकाल, सगळीकडे चालतं. 10वं वचन तेवढं झाका, कारण त्यात लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना आलेलं. ते ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला घरी परतणं दिसणारच नव्हतं! 5व्या वचनात त्याला काय सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा. 7व्यात तर ज्या शहरात बंदिवान केलंय त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. गुलाब कुठेय यात? सत्तर वर्षं खुरपणी आहे. सूर्योदयवाला आदल्याच अध्यायात भेटतो, हनन्या त्याचं नाव, खोटा संदेष्टा. दोन वर्षांत सगळं परत येईल, असं मंदिरात सगळ्यांसमोर ठोकून देणारा. त्याच वर्षी मेला. आपल्याला संदेश हनन्याचा हवा नि खाली सही यिर्मयाची.

वर रडगाणं काय, तर प्रार्थनेत मन लागत नाही. कसं लागेल? खोलीत जाऊन दार लावा म्हटलंय, तर तुम्ही अख्खा बाजार खिशात घालून आत जाता आणि मग दार लावता. दहा मिनिटं पुरतात हो. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, कागदाचं बायबल, आणि शेजारी एक कोरी चिठ्ठी. गॅसचं बिल आठवलं तर त्यावर टिपा, फोनला हात लावू नका. फोन शेजारच्या खोलीत. कागदावरची अक्षरं बारीक दिसतात म्हणे! केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक मुळावरून बायबल मराठीत आणत 1922 साली मरेपर्यंत राबल्या, त्यांच्या मुक्ती मिशनातल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. आणि तुम्हाला चष्मा लावायचा कंटाळा.

पुढच्या रविवारी फोन घरी पिठाच्या डब्यावर ठेवून या. तिसऱ्या बाकावरच्या बंधूंनी आधी 10वं वचन वाचावं, मग 11वं पाठवावं. तेही सोमवारी.