कान्हेरीच्या टाक्यावरचं नाव

आज कान्हेरीहून आले, पाय धुतले, चहा झाला, तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

सकाळी लेकीला घेऊन गेले होते. आपल्या ठाणेकरांना येऊरचं जंगल म्हणजे घरचं अंगण, पण त्याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या बाजूने, शंभरावर लेणी आहेत हे आपल्यातल्या कितीजणांच्या गावीही नसतं. घोडबंदर रोडने बोरिवली, नॅशनल पार्कच्या गेटातून वर गेलं की दमवणारा चढ असा काही नाहीच. आधी तिसऱ्या नंबरचं मोठं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, त्याच्या व्हरांड्यात दोन टोकांना उभे असलेले सुमारे २३ फुटांचे बुद्ध, मग ओढ्याच्या घळीच्या काठाकाठाने, दगडात खोदलेल्या पायऱ्यांनी वरच्या लेण्यांपर्यंत आणि दुसऱ्या अंगाने परत खाली. रमतगमत दोन-अडीच तासांचा फेरा. लहान मूल, म्हातारं माणूस, कुणीही करेल. पावसाने ओढा खळाळत होता, कातळ काळाभोर चमकत होता, लेक खूश, मी खूश.

आणि वरच्या एका लेण्यात शिरलो तर एक पोरगा, असेल सतरा-अठराचा, बाइकच्या चावीने भिंतीवर नाव कोरतोय. इंग्रजीत. शेजारी बदाम काढायची तयारी. चावीचा तो करकर आवाज अजून कानात आहे, दगडातून पांढरी भुकटी खाली पडत होती. मी म्हटलं, अरे काय करतोयस, तर काय म्हणावं त्याने? "काकू, आधीच एवढी नावं आहेत, एक वाढलं तर काय झालं."

एक वाढलं तर काय झालं!

मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला पहिल्यांदा इथे आणलं होतं. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टर्नर होते, लेथवर लोखंडाचे जॉब म्हणजे सुटे भाग घडवायचे, रविवार एकच सुट्टी, तीही कधीकधी ओव्हरटाइममध्ये जायची. त्या दिवशी लोकं मूर्ती बघत होती आणि बाबा भिंतीवरून तळहात फिरवत होते. मला म्हणाले हात लाव, हे छन्नीचे घाव बघ, सगळे एकाच बाजूला तिरके पडलेत, हा माणूस उजवा होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि बाबा त्याच्या हाताची सवय सांगतायत! आणि तेवढ्यात मी खालचा एक खडा उचलून माझं नाव लिहायला घेतलं. बाबा ओरडले नाहीत. हातातला खडा काढून घेतला आणि विचारलं, "जॉबवर काम करणाऱ्याची सही असते. तू काय काम केलंस इथे?" मला काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

खूप नंतर वाचलं की या डोंगरात नावं खरंच कोरलेली आहेत, ब्राह्मी लिपीत, आणि ती कुणाची तर राजांची थोडी, आणि साध्या माणसांची कितीतरी. आपल्या कल्याणचा सामिदत नावाचा सोनार, त्याने पाण्याचं टाकं खोदवून दिलं, लेखात त्याला पोढी म्हटलंय. कल्याणचाच एक लोहार, नंद, त्याने वाट करून दिली. म्हणजे आपण ज्या डोंगरावर मजेत फेरा मारतो तिथली एक वाट एका लोहाराने स्वतःच्या कमाईतून दिलीय! मी हे बाबांना वाचून दाखवलं होतं तेव्हा ते नुसते हसले, म्हणाले लोखंडवाला आपलाच माणूस.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगणारच, की लेणं ९० मध्ये इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीही पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत. हो, ठेवलीत. बरं. पण म्हणून बाइकच्या चावीला परवानगी मिळत नाही.

आणि कायदा नाही असंही नाही. १९५८ चा कायदा आहे, संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण इतक्या लेण्यांत प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करणार कोण, तेही मला कळतं. मला राग याचा येतो की आपण "सोप्पा ट्रेक, पोरांना न्यायला बरा" एवढंच एकमेकांना सांगतो, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही कालच तसा मेसेज फिरत होता, रील्ससाठी बेस्ट म्हणे. रायगडावर गेलो की पायऱ्यांना हात लावून नमस्कार करतो ना आपण? मग इथे चपला घालून भिक्खूंच्या दगडी ओट्यावर चढून वेफर्स का खातो? जागा जवळ आहे म्हणून ती स्वस्त झाली का?

ओरडले मी त्या पोरावर. बऱ्यापैकी ओरडले. लेण्यात आवाज घुमतो, पलीकडची माणसं बघायला आली, त्याचा चेहरा लालबुंद झाला, चावी खिशात टाकून मान खाली घालून निघून गेला. त्याचं अर्धंच नाव राहिलं भिंतीवर, तीन अक्षरं.

आणि आता घरी बसल्यावर वाटतंय की बाबांसारखं मला जमलं नाही. बाबांनी आधी हात लावायला लावला होता, मग विचारलं होतं. मी त्याला सोनाराचं सांगितलं नाही, लोहाराचं सांगितलं नाही, बाहेर दहा पावलांवर टाकं होतं तेही दाखवलं नाही. तो कुठला, कुणाचा, काही माहीत नाही. आवाज चढवायच्या आधी दोन मिनिटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

पुढच्या रविवारी परत जातेय. सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा. कुणाला पोरांना घेऊन यायचं असेल तर मेसेज करा, सकाळी लवकर निघू.

संध्याकाळी बाबांना फोन केला, गुडघ्यांमुळे आता त्यांना चढवत नाही. सगळं सांगितलं, चावीचं, ओरडण्याचं. ऐकून घेतलं त्यांनी, आणि एवढंच विचारलं, "टाक्यात पाणी होतं का गं?"

होतं बाबा. काठोकाठ होतं.