सिकाडा रातकिडा नाही, आणि टोळ तर अजिबातच नाही

गेले काही दिवस सिकाडाबद्दल, म्हणजे झाडावर बसून मोठ्याने गाणाऱ्या त्या पंखवाल्या किड्याबद्दल, एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, मला एकट्यालाच चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: सिकाडा म्हणजे रातकिड्याचा मोठा भाऊ, टोळांच्या कुळातला. पंख घासून आवाज काढतो, 17 वर्षं जमिनीत झोपून राहतो, बाहेर आला की पानं फस्त करतो आणि ओरडून ओरडून शेवटी पाठ फुटून मरतो. काहीजण त्याला ढेकणांच्या गटात घालतात ते चूक आहे. झाडावर दिसला की फवारणी करा. हे शेवटचं वाक्य वाचून राहवेना, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ढेकणाचं, कारण ते कळलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं. ढेकूण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त गादीतला रक्त पिणारा किडा येतो, त्यामुळे झाडावर गाणारा एवढा मोठा पंखवाला किडा त्याचा नातेवाईक कसा, असं वाटणं साहजिक आहे. पण ढेकूण आणि सिकाडा दोघंही ज्यात येतात तो हेमिप्टेरा हा गण खूप मोठा आहे, 80 हजारांच्या वर जाती आहेत त्यात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे किडे, हे सगळे त्यातलेच. यांना एकत्र बांधतं ते त्यांचं तोंड. कुरतडायचे जबडे यांना नसतातच, त्या जबड्यांच्याच चार बारीक सुया झाल्यात आणि त्या एका सोंडेत म्यान केल्यासारख्या बसतात. बाहेरच्या दोन सुया भोक पाडतात, आतल्या दोन एकमेकींत अडकून दोन नळ्या तयार करतात, एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. ढेकूण याच हत्याराने रक्त ओढतो, मावा याच हत्याराने रस ओढतो आणि सिकाडाही तेच करतो.

हे स्वतः बघायचं असेल तर झाडाच्या खोडाला चिकटलेली सिकाडाची कात शोधा. हलक्या हाताने काढून उलटी करा. डोक्याच्या खालून निघून पुढच्या पायांच्या मधून मागे गेलेली एक सरळ काडी दिसते, तीच सोंड. आणि चेहरा बघा, पुढे फुगलेला, आडव्या रेघा रेघा असलेला. त्या फुगवट्याच्या आत पंप चालवणारे स्नायू असतात. मी पहिल्यांदा भिंगातून हे बघितलं तेव्हा कितीतरी वेळ ती कात हातातून खाली ठेववली नाही.

एवढा पंप कशाला लागतो? झाडात नळ्या दोन प्रकारच्या, एकीतून पानात तयार झालेली साखर खाली येते, दुसरीतून मुळांनी ओढलेलं पाणी वर जातं. मावा साखरेच्या नळीवर बसतो म्हणून त्याची विष्ठा चिकट गोड असते. सिकाडा पाण्याच्या नळीवर बसतो, तिथला रस म्हणजे जवळपास पाणीच, आणि तोही उलट्या दाबाखाली, म्हणजे झाड तो वर ओढत असतं आणि किड्याला झाडाशी ओढाताण करून तो काढावा लागतो. पोषण इतकं कमी की पोटातल्या बॅक्टेरियांनी (काही जातींत बुरशीने) काही अमिनो आम्लं तयार करून दिली नाहीत तर तो जगूच शकत नाही. पितो भरपूर आणि बाकीचं पाणी सोडून देतो, म्हणून सिकाडा खूप असलेल्या झाडाखाली कोरड्या दिवसातही बारीक थेंब अंगावर पडतात.

आता "पानं फस्त करतो" हे वाचा परत. कशाने करणार? टोळ आणि नाकतोडे यांना जबडे असतात, ते चावून खातात, ते ऑर्थोप्टेरा गणातले, रातकिडाही तिथलाच. हा घोळ जुना आहे, अमेरिकेत गेलेल्या युरोपियन लोकांनी झुंडीने बाहेर आलेले सिकाडा बघून त्यांना टोळच म्हटलं आणि ते नाव तिथे अजून टिकून आहे. नुकसान अजिबात नाही असं मी म्हणत नाही, मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून आत अंडी घालते आणि त्या फांदीचा शेंडा कधीकधी वाळतो. लहान रोपांना जाळी लावा. मोठं झाड हे सहज सोसतं, त्याच्यावर विष मारायची काही गरज नाही.

आवाजाचं बोलू. पंख घासतो तो रातकिडा, आणि त्याचे कान पुढच्या पायात गुडघ्याच्या जरा खाली असतात. सिकाडाचं सगळं पोटापाशी. नराच्या पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना बरगड्या असलेला एकेक पडदा असतो, आतला स्नायू ओढला की तो टक्कन आत दबतो, सोडला की परत बाहेर, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. नराचं पोट बहुतेक पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो, काही जाती जवळून 100 डेसिबलच्या वर जातात. तुडतुड्यांकडेही याच धर्तीचा अवयव आहे, फक्त त्यांची थरथर फांदीतून जाते आणि आपल्याला ऐकू येत नाही. म्हणजे आवाजावरूनही नातं तुडतुड्याशीच लागतं. शिवाय रातकिडा रात्री गातो, बहुतेक सिकाडा भर दुपारी नाहीतर संध्याकाळी.

17 वर्षांचं गणित फक्त मॅजिसिकाडा या वंशाचं आहे, तोही अमेरिकेच्या पूर्व भागात, त्यातल्या काही जाती 13 वर्षांच्या. 2024 मध्ये 13 आणि 17 वर्षांच्या दोन मोठ्या टोळ्या एकाच वर्षी निघाल्या, नेमक्या याच दोन टोळ्यांचा योग त्याआधी 1803 मध्ये आला होता. आपल्याकडे मेघालयात री भोई भागातली एक जात दर 4 वर्षांनी निघते. जगात तीन हजारांवर जाती आहेत, सगळ्यांना 17 वर्षं चिकटवू नका. आणि झोपतो हे तर साफ चूक, पिल्लं पुढच्या जाडजूड पायांनी माती उकरत मुळांचा रस पीत वाढत असतात.

फॉरवर्डमध्ये एका जुन्या पुस्तकाचा दाखला देऊन सिकाडा होमोप्टेरा गणात दाखवलाय, म्हणजे मावा, तुडतुडे, सिकाडा यांना ढेकणांपासून वेगळं काढून केलेल्या जुन्या गणात. पुस्तक जुनं असेल तर ते तसंच असणार, पण 1990 च्या दशकापासून डीएनएचे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की होमोप्टेरा ही एक सलग शाखा नाहीच, सिकाडा माव्यापेक्षा ढेकणांच्या शाखेला जास्त जवळचा आहे. म्हणजे ज्या नात्याला मेसेज चूक म्हणतोय ते उलट आणखी पक्कं झालं.

राहिलं पाठ फुटून मरणं. खोडावर पाठ उकललेलं रिकामं शरीर दिसतं, आतून पांढरे दोरे लोंबत असतात, त्यावरून लोकांनी हे जुळवलं असावं. ते दोरे म्हणजे जुन्या श्वासनळ्यांची अस्तरं. मी एकदा रात्री टॉर्च घेऊन हे सगळं होताना बघत बसलो होतो. पिल्लू खोडावर चढलं, नखं रुतवली, पाठीवर चीर पडली आणि आतून फिकट हिरवट, ओलसर किडा मागे वाकत बाहेर आला, बराच वेळ उलटा लटकला, मग झटक्यात वर वळून स्वतःच्याच कातीला धरलं आणि शेपटाकडचा भाग सोडवला. पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते, ते हळूहळू उलगडत गेले. उजाडेपर्यंत अंगाला रंग चढला होता, मी जरा जवळ गेलो तसा तो उडाला, कात मात्र तिथेच.