एक घोडा घ्या आणि जुन्नर गाठा

परदेशी व्यापारात उतरायचं मनात असेल तर बाजारपेठेचा अभ्यास वगैरे भानगडीत पडू नका. त्वेर गावच्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने पंधराव्या शतकातच आपल्या प्रवासवर्णनात रस्ता आखून ठेवलाय. वास्को द गामा कालिकतला लागायच्या पाव शतक आधी हा गडी आपल्या चौलला उतरला होता. तेव्हा त्याच्याच पावलावर पाऊल टाका.

सुरुवात लुटले जाण्यापासून करा. व्होल्गा नदीतून निघताना शिरवानच्या (म्हणजे आजच्या अझरबैजानकडच्या) शाहाच्या वकिलाची सोबत धरा. मॉस्कोच्या राजाने शाहासाठी दिलेले नव्वद ससाणे त्याच्याकडे आहेत, म्हणजे संरक्षणाची काळजीच मिटली. आस्त्राखानजवळ तातार येऊन लुटतील. पुढे कास्पियन समुद्रात वादळ होईल, एक जहाज किनाऱ्यावर आपटेल आणि त्यातली माणसं तिथले लोक धरून नेतील. मग शाहासमोर उभं राहून परतीच्या खर्चासाठी हात जोडा. तो म्हणेल, तुम्ही फार जण आहात, देता येणार नाही. हे उत्तर पाठ करून ठेवा, पुढे कुठल्याही कचेरीत ओळखीचं वाटेल.

आता फाटे फुटतात. घरी ज्यांचं काही शिल्लक होतं ते घरी परतले, ज्यांच्या डोक्यावर देणं होतं ते पाय नेतील तिकडे गेले. अफनासी घरी गेला नाही. काय समजायचं ते समजा.

बाकू, काशान, यझ्द करत इराण ओलांडायला भरपूर वेळ काढा. घाई कसली, सावकार मागे आहेत. वाटेत गुरांना खजूर चारताना बघून आपल्या जेवणाबद्दल फार विचार करू नका. होर्मुझला पोचल्यावर मात्र डोकं चालवा: हिंदुस्थानात घोडे होत नाहीत असं अफनासी लिहितो, तेव्हा घोडा घ्या. एकच. सगळी पुंजी चार पायांवर उभी केली की हिशेब ठेवायला सोपं जातं. जुन्नरला पोचेपर्यंत अफनासीला हा प्राणी शंभर रूबलला पडला.

घोड्यासकट सहा आठवडे समुद्रात हेलकावे खा आणि चौलला उतरा. तिथे तुम्ही लोकांकडे बघायला आलेले असाल, पण लोकच तुमच्याकडे बघायला येतील. गोरा माणूस दिसला म्हणून मागे ही झुंड. चौलहून आठ दिवसांत पाली, पुढे दहा, पुढे आणखी काही दिवस, की आलं जुन्नर. मुहूर्त पावसाळ्याचाच धरा. ‘चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल’ अशी त्याची नोंद आहे, आणि एवढ्या प्रवासवर्णनात इतकं बिनचूक वाक्य दुसरं नाही. जुन्नरच्या कोणत्याही माणसाला विचारा.

चिखलात अडकलात की घोड्याच्या खुराकाकडे लक्ष द्या. इकडे घोड्याला हरभरे घालतात, शिवाय साखर नि तूप घालून शिजवलेली खिचडी. मालक उपासतापास सांभाळतोय आणि घोडा तुपातली खिचडी हाणतोय, असं दृश्य दिसलं की व्यापार वाढतोय असं समजावं.

मग जुन्नरचा असद खान घोडा काढून घेईल. अगदी रीतसर. हा परदेशी मुसलमान नाही हे कळलं की पर्याय देईल: धर्म बदल, घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही गेला आणि तुझ्या डोक्याचे हजार वसूल. विचाराला मुदत चार दिवस. वाटाघाटीचं कौशल्य इथे कामी येत नाही, ओळख लागते. खोरासानचा एक खोजा मुहम्मद ऐन वेळी भेटला, अफनासीने त्याच्यापुढे पदर पसरला, आणि तो घोड्यावर बसून खानाकडे गेला म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचलं. असा खोजा मुहम्मद आधीच हेरून ठेवा. तो कुठे मिळतो हे विचारू नका.

घोडा वर्षभर पोसा, त्यावर 68 नाणी घाला आणि बीदरला विका. नफा किती झाला हे वहीत नाही. असतो तर माणूस लिहितोच. आपल्या मुलखात न्यावा असा माल इथे नाहीच, हेही तोपर्यंत कळलेलं असेल: मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. बरोबरचे व्यापारी खोटं बोलले, अशी त्याची तक्रार. खरं म्हणजे ही चौकशी त्वेरला बसूनही करता आली असती, पण मग चौल बघायचं राहिलं असतं.

परतीचं जहाज दाभोळला धरा. काळ्या समुद्राकाठच्या ट्रेबिझोंडला झडतीत पुन्हा लुटले जा, म्हणजे सुरुवात आणि शेवट जुळतो. आणि स्मोलेन्स्क येण्याच्या थोडं आधी मरा. सोबतचे व्यापारी तुमच्या वह्या मॉस्कोला नेतील, राजाच्या कारकुनाच्या हाती देतील. रेवदंड्याला तुमचं स्मारक उभं राहील. घोड्याचं नाही.