न पुसण्याचे पैसे

काळी गाडी घेऊ नका, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. आई म्हणाली, "नव्या गाडीचं औक्षण करायचं, आणि ती काळी?" दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, उन्हात भट्टी होते. ऑफिसातल्या एकाने रीसेलचा हिशेब मांडून दाखवला. खरं कारण मात्र एकाच्याही तोंडून निघालं नाही. काळ्या गाडीवर सगळं दिसतं. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात, पण तिचा मालक रात्री झोपतो. पांढरीला वेटिंग होतं आणि काळी शोरूमात तयार उभी होती, म्हणून मी काळी घेतली. ती तयार का उभी होती, ते आता कळतं.

ज्ञानप्राप्ती झाली ती कर्वे रोडच्या सिग्नलला. संध्याकाळचं तिरपं ऊन, शेजारच्या लेनमध्ये तशीच एक काळी गाडी, आणि तिच्या दारावर सूर्याचं प्रतिबिंब. त्या प्रतिबिंबाभोवती केसाएवढ्या ओरखड्यांची गोल गोल वर्तुळं उमटलेली. मी मनातल्या मनात तिच्या मालकाची कीव केली आणि पार्किंगमध्ये आल्यावर मोबाइलचा टॉर्च आपल्या बॉनेटवर मारला. टॉर्च मारायला नको होता, एवढंच सांगतो. यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. हे ओरखडे मुळात गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेला पडलेले असतात; उजेडाला आडवे येतील तेवढेच चमकतात आणि म्हणून वर्तुळ भासतं. त्यामुळे टॉर्च जिकडे न्यावा तिकडे वर्तुळ हजर.

त्यानंतर मी जे वाचलं ते कुठल्याही सुखी माणसाने वाचू नये. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या झळाळीसाठी मी सात वर्षांचे हप्ते भरतोय, ती केसाहून पातळ थरावर उभी आहे. आणि धुळीत असतात वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या 'मोह्स' नावाच्या मापावर क्वार्ट्झ ७ आणि घरातली साधी सुरी साडेपाचच्या आसपास. फडकं किती का मऊ असेना, त्याच्याखाली हे कण सरपटत जातात.

तात्पर्य, गाडीला धुळीने काही होत नाही. धूळ येते, बसते, बसून राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. वाटोळं होतं ते तिला झटकायला धावून येणाऱ्या मायाळू हातांनी. आणि आमच्या सोसायटीत मायेला तोटा नाही.

मायेत पहिला नंबर मामांचा. सोसायटीतल्या विसेक गाड्या मामा पुसतात. पहाटे पाचला येतात, सातच्या आत गुल. साहित्य म्हणजे एक बादली आणि एक फडकं. फडकं म्हणजे कुठल्याशा निवडणुकीतला प्रचाराचा टी-शर्ट. उमेदवाराचं अर्धं हसू अजून शाबूत आहे. आधी ते कोरडंच टपावरून आणि बॉनेटवरून सपासप फिरतं, मग बादलीत बुडून पुन्हा फिरतं. बादली एकदाच भरायची, हा मामांचा शिरस्ता. पहिल्या गाडीला त्यात पाणी असतं, सातव्या-आठव्या गाडीपर्यंत त्याचा चहा झालेला असतो. माझी गाडी पार आतल्या कोपऱ्यात, म्हणजे नंबर शेवटचा. कुणी चाकणला कामाला, कुणी हडपसरला, कुणी वीकेंडला मुळशीला जाऊन आलेलं. त्या सगळ्यांची माती रोज पहाटे माझ्या बॉनेटवर एकत्र यायची.

मी एकदा गजर लावून खाली उतरलो. "मामा, उद्यापासून गाडी पुसू नका."

पिळता पिळता मामांचे हात थांबले. "काय चुकलं का साहेब?"

"चुकलं काही नाही. पुसल्याने ओरखडे पडतात."

"ह्या फडक्यानं?" त्यांनी उमेदवाराला माझ्यापुढे धरलं. "हात तरी लावून बघा. धुऊन धुऊन किती मऊ झालंय."

मी मायक्रॉन काढले, क्वार्ट्झ काढला, केसाची जाडी सांगताना स्वतःचा एक केसही उपटून दाखवला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे पैसे बंद?"

महिन्याचे ६०० रुपये. तेवढ्यासाठी कुणाच्या पोटावर पाय देणं बरं दिसेना. शेवटी ठरलं ते असं: पैसे चालू, टायर आणि काचा मामांच्या, रंगाला मात्र बोट लावायचं नाही.

"म्हणजे आपण आता गाडी न पुसण्याचे पैसे देतो?" बायकोने विचारलं.

"एका अर्थी, हो."

"मग भांडी न घासण्याचे मावशींना पण देऊ या. त्या खूश होतील."

अडचण अशी झाली की मामा प्रामाणिक निघाले. फुकटचा पैसा त्यांना पचेना. दोन-चार दिवस कळ काढायचे आणि मग एखाद्या पहाटे माझी गाडी चकचकीत पुसलेली सापडायची. विचारलं की खाली मान. "लई धूळ बसली होती साहेब. बघवंना."

गाडी मग मीच धुवायला लागलो. रविवारी उजाडता उजाडता, कारण पत्रा तापला की शाम्पू वरच्या वर वाळतो. दोन बादल्या लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पट्टा धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खंगाळून माती सोडवायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. टपापासून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त चिखल खाली असतो. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. टायरचं फडकं वेगळं. घरातलं भांड्यांचं लिक्विड वापरायचं नाही; ते खरकट्याबरोबर गाडीवरचं मेणही काढून टाकतं. हे सगळं मी वाकून वाकून करत असताना मॉर्निंग वॉकची मंडळी थांबून बघतात. "विकायचीय का?" असं आजवर बहुतेकांनी विचारून झालंय. गाडी इतक्या मनापासून धुण्याचं दुसरं कारण त्यांना सुचत नाही.

खरी परीक्षा पाण्याची. खडकवासल्याचं पाणी मऊ, पण ते वर स्वयंपाकघरात येतं. पार्किंगच्या नळाला बोअरचं. ते गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि काळ्या रंगावर तर ते रांगोळीच्या थाटात बसतात. वरून बादल्या भरून लिफ्टने खाली न्याव्यात, तर बायको दारात उभी. "बंगलोरला मागे पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली की पाच हजार दंड होता, माहितीये ना?" माहीत होतं. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट, तिथल्या टंचाईतली. आमच्याकडे दंड नाही, पण गुरुवारी पाणी बंद असतं आणि बायको सातही दिवस सुरू असते.

यावर आईने तोडगा काढला. पाण्याच्या फिल्टरचं जे पाणी वाया जातं, ते ती थेंब न् थेंब बादलीत साठवते. "हे घे. एवढं चांगलं पाणी मोरीत सोडवत नाही मला." आता या पाण्यात तर क्षार आणखी जास्त, फिल्टरने आपल्या पाण्यातून काढलेले सगळे त्यातच उतरलेले असतात. पण आईच्या काटकसरीला शास्त्राने उत्तर देता येत नाही. मी ती बादली खाली नेतो आणि तिच्यात टायर धुतो. गाडीला बोअरचंच पाणी. फक्त ते वाळायच्या आत टिपून घ्यायचं. टिपायचं, म्हणजे मोठा टॉवेल पत्र्यावर अंथरायचा, वरून तळवा दाबायचा आणि उचलायचा. या कामात मी इतका पटाईत झालोय की घरात फरशीवर चहा सांडला तरी मलाच हाक मारतात.

टॉवेल अर्थातच मायक्रोफायबरचे. हे कापड हातात घेतलं की बोटांच्या भेगांना चिकटतं, नखाच्या कडेला अडकतं, अंगावर किंचित काटा येतो. त्याच्या अंगात धूळ आत ओढून घेण्याचा गुण आहे. मात्र त्याला पथ्यं फार. शिवलेलं लेबल कापून टाकायचं, नाहीतर तेच ओरखडा काढतं. सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण ते त्यांचा सगळा भुसा गोळा करतं. कपडे मऊ करायचं औषध घालायचं नाही, त्याने धागे बुळबुळीत होतात आणि पाणी शोषत नाहीत. जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. असे चार टॉवेल मी गॅलरीत वाळत घातले होते. संध्याकाळी बघतो तर एक ओट्यावर, एक गॅसच्या शेगडीवर. "काय छान पुसतं हो दादा हे!" मावशी म्हणाल्या. "तेलकटपणा एका हातात जातो. अजून दोन आणा."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा या सगळ्यावर विश्वास नाही. त्यांच्याकडे एकेकाळी पद्मिनी होती. "थोडं डिझेल घ्यायचं, पोतेऱ्यावर टाकायचं, फिरवायचं. आरशासारखी! कसले टॉवेल घेऊन बसलात?" तेलाने गाडी चमकते खरी, तासाभराने त्याच तेलावर धूळ चिकटते हेही खरं. पण काकांसमोर हे बोललो तर पद्मिनीचा गिअर कसा पडायचा इथपासून सुरुवात होते, म्हणून मी मान हलवतो. त्यांच्या नातवाने माझ्या मागच्या दारावरच्या धुळीत बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं होतं. मी धुतली. उन्हात एका ठरावीक कोनातून ते अजून वाचता येतं. अक्षर चांगलं आहे.

निसर्गही मागे नाही. माझ्या पार्किंगवर अर्धं उंबराचं झाड येतं. दिवसा बुलबुल, रात्री वटवाघळं; फळं खातात वर आणि हिशेब करतात खाली. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं आणि तापलेल्या पत्र्यावर ती एखादी दुपार राहिली तरी क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटतो. ती खरवडायची नाही. ओला टिश्यू तिच्यावर ठेवायचा, भिजू द्यायचं, मग अलगद उचलायची. मी पार्किंगमध्ये टिश्यू ठेवून पाच मिनिटं नुसता उभा असतो, तेव्हा वॉचमन लांबूनच विचारतो, "साहेब, बरं वाटतंय ना?"

एकदा वाटलं, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर आणखी एक कडक पारदर्शक थर, करून मोकळं व्हावं. दुकानातला मुलगा उत्साही होता. म्हणाला, "सर, नाइन एच हार्डनेस! डायमंडच्या खालोखाल." घरी येऊन बघितलं, तर हे मोजमाप पेन्सिलीचं. ९बी ते ९एच अशा पेन्सिली रंगावर ओढून बघायच्या. सगळ्यात कडक पेन्सिलीचा ओरखडा उठला नाही की झालं नाइन एच. त्या कोटिंगने पाणी घरंगळतं, धुणं सोपं जातं, हे खरंच आहे. पण मामांच्या बादलीतला क्वार्ट्झ काही पेन्सिल नव्हे. कोटेशन बघून मी कार्नोबा मेणाची डबी आणली. ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरचं हे मेण. गोळ्या-चॉकलेटांना चमक येते तीही यानेच. लेकीला हे सांगितल्यापासून डबी कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी लागते.

आणि मग दसरा आला. वर्षभर मी ज्या रंगाला श्वासही लागू दिला नाही, त्याच्यासमोर आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी राहिली. "काचेवर काढ ना स्वस्तिक," मी म्हटलं. "काचेवर? देवाला काय वायपर लावून ठेवलाय?" बॉनेटवर ओल्या हळदीचं चांगलं वीतभर स्वस्तिक निघालं. मामांनी झेंडूचं तोरण पुढे बांधलं, तेही सुतळीने. ती बंपरवर करकरत होती. मी दोन्ही हात मागे बांधून उभा होतो. सणाच्या दिवशी बोलू नये.

हळदीचं काय करायचं ते मला माहीत होतं: काही नाही. तिचा पिवळा रंग उन्हात आपोआप उडतो, गाडी चार दिवस उन्हात ठेवली की झालं. पण मामांना बघवलं नाही. त्यांनी पहाटे कपड्यांचा साबण ओल्या फडक्याला लावून स्वस्तिकावर फिरवला आणि स्वस्तिक लालभडक झालं. हळदीला साबणाचा खार लागला की हेच होतं. जुन्या पद्धतीने कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याचसाठी. मामा घाबरून वर आले. आई खाली गेली, बघितलं आणि हात जोडले. "बघ! कुंकू आपोआप उमटलं." तिने आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनाही बोलावून दाखवलं. आठवडाभर माझ्या गाडीला कुणी हात लावला नाही. एवढी शांतता तिला शोरूममधून निघाल्यापासून मिळाली नव्हती.

दिवाळीच्या आधी मी मामांच्या हातात बोनसचं पाकीट ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, खिशात घातलं, पण जाईनात.

"काय मामा?"

"साहेब, बाकीच्यांचं सहाशे बरोबर हाय. तुमचं जरा आठशे करा."

"अहो, बाकीच्यांच्या गाड्या तुम्ही पुसता. माझी तर पुसत पण नाही!"

"म्हणूनच म्हणतो ना. पुसायला पाच मिनिटं लागत्यात, साहेब. तुमच्या गाडीपुढं रोज हात आवरून उभं राहायला त्याच्या दुप्पट लागत्यात."