गाडी कुणाची ठरवलीस?

धाकट्या बहिणीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती केजला माहेरी येणार हे ठरलेलंच. मी इकडून, इंग्लंडमधल्या लीड्सहून, माझ्या बाळंतपणाच्या वेळचा बर्थ प्लॅन तिला पाठवला. दोन पानं. कळांच्या वेळी नवरा सोबत हवा, हिंडू-फिरू द्यावं, दुखणं सोसेनासं झालं तर आधी गॅस, मग एपिड्युरल, नाळ लगेच कापू नये, बाळ पुसण्याआधी माझ्या छातीवर द्यावं. घरच्या ग्रुपवर दिवसभर करमणूक झाली. "आता बाळाला टाइमटेबल दाखवायलीस का?" हा आत्याचा व्हॉइस मेसेज.

आई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गाडी कुणाची ठरवलीस?"

मी गप्प. माझ्या दोन पानांत गाडीच नव्हती. इथं दवाखाना दहा मिनिटांवर आणि रक्त त्यांच्या फ्रीजमध्ये. आमच्याकडच्या आशाताई मात्र वर्षानुवर्षं हेच विचारत आल्यात: बाळंतपण कुठं, रुग्णवाहिकेसाठी 102 ला फोन कोण करणार, रात्री गाडी कुणाची, हाताशी पैसे किती, रक्त द्यायला कोण. हाही बर्थ प्लॅनच, आणि जीव वाचवणारा. गोऱ्यांची थेरं म्हणणाऱ्या मामांना हे सांगायचं राहिलं.

पण त्या यादीत बाई स्वतः कुठंय? माझ्या जन्माच्या वेळची गोष्ट आई अजून सांगते. बाहेर व्हरांड्यात सातजणी डबे घेऊन बसलेल्या, आत तिच्याजवळ एकही नाही. ओरडली म्हणून नर्सनं झापलं. टाके किती पडले, ते घरी आल्यावर आजीनं मोजले. सरकारी प्रसूतिगृहांसाठी 2017 साली 'लक्ष्य' कार्यक्रम आला. कळांच्या वेळी बाईजवळ तिचं माणूस असावं, हे त्यात आहे. कागदावर ते आलं, याचंही मला अप्रूप वाटतं.

इथं सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. 'नैसर्गिक'च बाळंतपण हवं हा हट्ट इथंही जिवावर बेतलाय. श्रूजबरीच्या रुग्णालयांवरचा ऑकेंडेन अहवाल 2022 साली आला. नीट काळजी घेतली असती तर 201 बाळं वाचू शकली असती, असं त्यात आहे. सिझर कमी, याचं तिथं कौतुक होत होतं. आपल्याकडं उलटी गत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत सिझर 47.4 टक्के, सरकारीत 14.3. त्यात मुहूर्त बघून पोट उघडणारे वेगळेच! ग्रुपवर भांडण 'नॉर्मल की सिझर' एवढंच चालतं. कशासाठी, हे त्या बाईनं विचारायचं असतं, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझंही शेवटी सिझरच झालं, एकोणीस तासांनी. दोन पानांतलं निम्मं वाया गेलं. पण मिडवाइफनं ती वाचली होती, हात लावण्याआधी दर वेळी विचारलं, आणि ऑपरेशन टेबलावरच बाळ छातीवर दिलं. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तिथं ना शेक, ना धुरी, ना अळिवाची खीर. नवरा यूट्यूब बघून वरण लावत होता आणि मी रडत होते. सव्वा महिना माहेरी पडून राहण्याची किंमत तेव्हा कळली.

उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेल्या आमच्या भागातल्या बाईपुढं तर या दोन्ही याद्या तोकड्या. दिवाळीला ती कारखान्याच्या मुलखात, नववा महिना फडात, आणि तिचं नाव गावच्या आशाताईंच्या वहीत.

बहिणीनं माझी दोन पानं चार ओळींवर आणली. शेजारच्या दादाची जीप. रक्ताला दोन मावसभाऊ. काही करण्याआधी मला सांगा. आई आत येईल.

मागच्या तपासणीला तिनं तो कागद पुढं केला. सिस्टरनं वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बघू."