"रात्रपाळी जमेल ना?"

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधल्या आमच्या विभागात दोन जागांसाठी मुलाखती होत्या. पाच उमेदवार, समोर आम्ही चौघं. दुसरी आलेली मुलगी हुशार होती, बोलायला नेटकी. ती उठता उठता मी सहज विचारलं, "रात्रपाळ्या जमतील ना? महिन्याला सात-आठ तरी लागतात." ती म्हणाली, "हो मॅडम, जमतील." मी मान डोलावली आणि पुढची फाईल उघडली.

संध्याकाळी गुणांची बेरीज चालू असताना आमच्यातला सगळ्यात ज्युनियर सहकारी खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, रात्रपाळीचं तुम्ही फक्त दोघी मुलींना विचारलंत." मी वही चाळली. खरंच होतं. तिघे मुलगे त्याच जागांसाठी आले होते, त्याच रात्रपाळ्या करणार होते, आणि त्यांच्या पानांवर रात्रपाळीचं अक्षरही नव्हतं.

मला राग आला. आधी त्याचा, मग स्वतःचा. बावीस वर्षांपूर्वी मी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते तेव्हा एका अतिशय सज्जन सरांनी मला विचारलं होतं, "लग्नाचं काय ठरलंय?" घरी येऊन मी किती तणतणले होते! आणि आता तोच प्रश्न, जरा इस्त्री करून, मी विचारत होते.

भेदभाव म्हटलं की आपल्याला कुणीतरी ठरवून दुष्टपणा करणारा माणूस दिसतो. तसेही असतात, नाही असं नाही. पण मला जे जास्त भेटले ते दुपारी चार वाजता पाचवी फाईल उघडणारे, दमलेले, मनाने चांगले लोक. त्यात बायकाही होत्या. आता मीही.

2012 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या 127 प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतल्या एका नोकरीसाठीचा अर्ज पाठवला. अर्ज शब्दन् शब्द तोच, फक्त निम्म्यांच्या हातात जॉन नावाने पडला आणि निम्म्यांच्या हातात जेनिफर नावाने. जॉन जास्त लायक ठरला. त्याला सुचवलेला पगार सरासरी 30,238 डॉलर, तिला 26,508. मला यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट पगाराची नाही. प्राध्यापिकांनीही जेनिफरला तसंच कमी लेखलं, पुरुष प्राध्यापकांइतकंच, ही आहे. तेव्हा "पॅनेलवर एक बाई घेतली की झालं" हे मला आता पटत नाही. ती बाई मीच असते बहुतेक वेळा, आणि मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

त्याहून जुनी गोष्ट स्वीडनची. क्रिस्टीन वेनेरास आणि आग्नेस वोल्ड या दोघी संशोधकांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या फेलोशिपचे गुणांचे कागद मागितले. परिषद देईना. प्रकरण कोर्टात गेलं, तिथून कागद हातात आले. 1997 मध्ये त्यांनी हिशोब छापला: एखाद्या पुरुषाइतके गुण मिळवायला बाईचं संशोधन सुमारे अडीचपट असावं लागत होतं. अडीचपट! आणि हे परीक्षक आपण निःपक्षपाती आहोत असं मनापासून मानणारे असणार, याबद्दल मला जराही शंका नाही.

हे वाचल्यावर मी एक उद्योग केला. गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना दिलेली माझी शिफारसपत्रं उघडून बसले. मुलींच्या पत्रांत काय लिहिलंय? कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारी. मुलांच्या? स्वतंत्र विचाराचा, कल्पक, पुढे मोठं काम करेल. दोन पत्रं तर अशी होती की मुलीचं काम त्या मुलापेक्षा उघड उघड सरस होतं, प्रयोगाची अख्खी मांडणी तिची होती, आणि मी तिला "अत्यंत मेहनती" म्हणून मोकळी झाले होते. कष्टाळू हा शब्द वाईट नाही हो. पण निवड करायला बसलेल्याला तो "बुद्धी बेताची, पण राबते" असा ऐकू येतो. मला स्वतःलाही तसाच ऐकू येतो, दुसऱ्याच्या पत्रात वाचताना.

मुलाकडे पाहून आपण म्हणतो, पुढे चमकेल. मुलीला म्हणतो, आधी करून दाखव. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश नाकारला गेला तो मुलगी म्हणून, आणि नाकारणारे सर सी. व्ही. रामन होते. त्या हटून बसल्या तेव्हा प्रवेश मिळाला, पण एक वर्ष उमेदवारीचं, अटी घालून. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती वाया गेलेल्या शक्तीची वाटते. जी ताकद दार उघडून घेण्यात गेली ती प्रयोगात गेली असती. आणि ज्या हटून बसल्या नाहीत, घरी परत गेल्या, त्यांची तर नावंही आपल्याकडे नाहीत.

म्हणूनच मुलींसाठीची "आत्मविश्वास वाढवा" छापाची शिबिरं पाहिली की मला कसंतरी होतं. मीही अशा दोन शिबिरांत भाषणं ठोकली आहेत. ठामपणे बोला, खुर्ची पुढे ओढून बसा, वगैरे. ठामपणे बोलणारी मुलगी मग वॉर्डात "आगाऊ" ठरते, आणि तोच सूर मुलाने लावला तर "लीडरशिप". तराजूच वाकडा असेल तर धान्याला उपदेश करून काय उपयोग?

2018 मध्ये टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीचं प्रकरण उघडकीला आलं. प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं मुद्दाम कमी केले जात होते. कारण काय, तर बायका मुलं झाली की काम सोडतात, मग डॉक्टर कमी पडतात. पुढे 2021 मध्ये जपानभरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत मुलींच्या उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित वर गेलं. अडीच-तीन वर्षांत मुलींची बुद्धी वाढली नव्हती, एवढं तर कुणीही मान्य करेल.

नर्सिंगमध्ये वेगळंच चित्र दिसतं. तिथे बायकाच जास्त, पण आलेले थोडे पुरुष वरच्या खुर्च्यांकडे लवकर सरकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे 70 टक्के स्त्रिया आणि वरच्या पदांवर जेमतेम 25 टक्के, असा हिशोब आहे. जाता जाता एक. राउंडला गेल्यावर पेशंट मला "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" विचारतात, आणि मागे उभ्या असलेल्या इंटर्न मुलाला "डॉक्टरसाहेब" म्हणतात. पूर्वी मी चिडायचे. मग आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सिस्टर म्हटलं तर एवढं काय लागलं तुम्हाला?" बरोबर होतं त्यांचं. पेशंटची चूक ओळखण्यातली आहे. सिस्टर म्हणवून घेण्यात कमीपणा मानला तो मी.

"गुणवत्ता बघा, स्त्री-पुरुष काय बघता" असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते. माझंही तेच म्हणणं आहे. गुणवत्ताच बघा, आणि ती बघताना नाव झाका. हबल दुर्बिणीचा वेळ मिळवण्यासाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. त्यात वर्षानुवर्षं पुरुषांचे प्रस्ताव जास्त प्रमाणात मंजूर होत. 2018 मध्ये परीक्षकांपासून अर्जदारांची नावं लपवली, आणि त्याच फेरीत स्त्रियांच्या यशाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. कुणाला राखीव जागा दिली नव्हती, कुणाचं मनपरिवर्तनही केलं नव्हतं. फक्त पहिलं पान काढून टाकलं.

आणि हे फक्त आमच्या नोकऱ्यांचं रडगाणं नाही. संशोधनाच्या टेबलावर कोण बसतं यावरही प्रश्न कोणते विचारले जातात ते ठरतं. 1977 पासून अमेरिकेत मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं जात होतं. 1993 मध्ये ते धोरण बदललं. झोल्पिडेम हे झोपेचं औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून त्यांचा सुरुवातीचा डोस निम्मा करा, अशी सूचना तिथल्या औषध नियामकाने दिली ती 2013 साली. औषध बाजारात आलं त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. तोवर त्या गोळ्या घेऊन सकाळी गाडी चालवणाऱ्या बायकांचं काय?

आमच्या विभागात मी फार मोठं काही केलेलं नाही. पहिल्या छाननीत अर्जावरचं नाव आणि फोटो झाकतो. गुण कशाचे, किती, हे फाईल उघडण्याआधी कागदावर लिहितो. मीटिंगचे मुद्दे लिहिण्याचं काम पाळीपाळीने, आपसूक मुलींकडे जाणार नाही. (या शेवटच्या नियमाला जितका विरोध झाला तितका बाकी कशालाच झाला नाही. गंमतच आहे.) आणि मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना तेच.

रात्रपाळीचा प्रश्न काढून टाकायचा की ठेवायचा, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी ठेवला, पण सगळ्यांसाठी. मागच्या आठवड्यात एका नव्या जागेसाठी पहिला उमेदवार आत आला, तिशीचा मुलगा. मी विचारलं, "रात्रपाळ्या जमतील ना?" तो गोंधळला. मग म्हणाला, "जमतील मॅडम, पण माझी बायकोही रात्रपाळी करते. मुलगी दोन वर्षांची आहे. रोस्टर आधी कळलं तर आम्हाला जुळवता येईल."

इतक्या वर्षांत कुठल्याही पुरुष उमेदवाराच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं. आता आमचं रोस्टर पंधरा दिवस आधी लागतं.